बेअरिंगची धास्ती, पाण्याचं बिल

जुनी पोर्शे बॉक्स्टर घेतोय असं इंग्लंडात कुणालाही सांगा, पहिला प्रश्न ठरलेला: ‘आयएमएस बेअरिंगचं काय?’ गाडीतलं ज्याला ओ की ठो कळत नाही तोही हे विचारतो. इंजिनातल्या मधल्या शाफ्टच्या (इंटरमीजिएट शाफ्ट, म्हणून आयएमएस) त्या एका बेअरिंगपायी या गाड्यांचे भाव पडले आणि त्याच्याच धास्तीने घेणारे बाकी गाडी बघायची विसरतात. इथे मांडतोय ते प्रकरण माझ्या मेहुण्याचं. गाडी २००२ ची बॉक्स्टर एस, मुक्काम रेडिंग. खरेदीपासून पहिल्या वर्षाअखेरपर्यंतची सगळी बिलं त्याने एका फायलीत लावून ठेवली आहेत. ती फाइल त्याच्या परवानगीने उघडतोय.

मेहुणा मूळचा कोल्हापूरचा. सासऱ्यांचं शिवाजी उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, त्यामुळे पाना-स्क्रूड्रायव्हरला तो बिचकत नाही. कामावर ट्रेनने जातो, घरची गाडी वेगळी आहे. म्हणजे ही गाडी शनिवार-रविवारची, एरवी घरासमोर उभी. ‘उभी’ हा शब्द या प्रकरणात पुढे फार महाग पडला. बजेट ९,००० पौंड, त्यात गाडी आणि पहिल्या वर्षाचा खर्च. “दाजी, तेवढ्यात बसवायचंच,” हे त्याचं पहिल्या दिवशीचं वाक्य.

गाडी कोणती

पहिली बॉक्स्टर, अंतर्गत क्रमांक ९८६, १९९६ साली आली. इंजिन अडीच लिटरचं, सहा सिलिंडर आडवे, सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे. २००० च्या मॉडेलपासून साधी गाडी २.७ लिटरची झाली आणि ३.२ लिटरची ‘एस’ आली: २५२ अश्वशक्ती, सहा गिअर. विक्री इतकी वाढली की स्टुटगार्टचा कारखाना पुरेना, म्हणून बऱ्याच गाड्या फिनलंडमध्ये उसिकाउपुंकी गावातल्या वाल्मेटच्या कारखान्यात बनल्या. चासी नंबरचं अकरावं अक्षर ‘यू’ असेल तर गाडी फिनलंडची, ‘एस’ असेल तर स्टुटगार्टची. मेहुण्याची ‘यू’ निघाली. त्याचं तोंड थोडा वेळ पडलं होतं, पण चालवताना त्याने काडीचाही फरक पडत नाही.

२००३ च्या मॉडेलपासून छताची मागची खिडकी काचेची झाली, त्याआधीच्या गाड्यांत ती प्लास्टिकची आहे. प्लास्टिक पिवळं पडतं आणि थंडीत घडीवर तडकतं. म्हणून जाणते मालक छत उघडताना बटण अर्ध्यावर सोडतात, उतरून मागे जातात, खिडकीला तळहाताने आत दाबून घडी नीट घालून देतात आणि मग उरलेलं छत मिटवतात. सिग्नलला उभं राहून एका बटणावर छत उघडायची हौस असेल त्याने जुनी घेऊच नये.

ते बेअरिंग

इंजिनाच्या पोटात एक मधला शाफ्ट आहे. क्रँकवरून (पिस्टन फिरवतात त्या मुख्य शाफ्टवरून) साखळीने तो फिरतो आणि त्याच्यावरून निघालेल्या साखळ्या दोन्ही बाजूंचे, व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट फिरवतात. या शाफ्टचं फ्लायव्हीलकडचं टोक एका सीलबंद बॉल बेअरिंगवर आहे. सुरुवातीच्या गाड्यांत ते दुहेरी ओळीचं होतं, २००० च्या सुमारास एकेरी झालं. बेअरिंग निकामी झालं की साखळीचं टायमिंग हुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. अमेरिकेत यावर सामूहिक खटला झाला, २०१३ मध्ये तडजोड झाली. त्या निमित्ताने पुढे आलेले आकडे असे, की दुहेरी बेअरिंग बिघडण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास, एकेरीचं आठ टक्क्यांच्या आसपास. आठ टक्के थोडे नाहीत. पण शंभरातल्या नव्वदहून जास्त गाड्या त्या बेअरिंगवर चालत राहिल्या, हेही त्याच आकड्यात आहे.

एकेरी बेअरिंग ६२०४ मापाचं: भोक २० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४७, रुंदी १४. व्हिडिओ कॉलवर मेहुण्याने हे माप सांगितलं तेव्हा मामा हसायलाच लागले. (आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात.) पाण्याच्या मोटारींत हेच माप घालण्यात त्यांची हयात गेलेली. “६२०४ साठी एवढा कल्ला? आन् त्ये जातंय कशानं?” मेहुण्याने वाचलेलं सांगितलं: सीलमधून हळूहळू ग्रीस धुऊन जातं, आत इंजिनाचं तेल शिरतं आणि तिथेच अडकून शिळं होतं. गाडी फार वेळ उभी राहिली किंवा नुसती जवळपास फिरवली तर तेल नीट तापत नाही, तेलात ओल धरते, आणि तेच आत जातं. मामा म्हणाले, “मग पळणारी बघ. पावसाळाभर बंद ठेवलेली मोटार दिवाळीला चालू करताना जळती, रोज चालणारी न्हाई जळत.”

मला हा सल्ला पटला, आणि जुन्या स्पोर्ट्स कारला तो तंतोतंत लागू पडतो असं माझं मत आहे. बाजार मात्र नेमका उलटा चालतो: कमी मैल, जास्त भाव.

दोन गाड्या

दोन गाड्यांपर्यंत यादी आली. पहिली चंदेरी, २००१ ची एस, ३८,००० मैल, एका विक्रेत्याच्या शोरूममध्ये, ९,२०० पौंड. आरशासारखी चकचकीत. सर्व्हिस बुकात शिक्के होते, बिल एकही नाही. टायरची नक्षी नव्यासारखी, पण बाजूवर छापलेले चार आकडे वाचले तर (पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे) टायर २०११ चे. तेरा वर्षांचं रबर. छत उघडून दाखवायला सांगितल्यावर विक्रेता म्हणाला, बॅटरी जरा कमी आहे.

इथे एक सोय आहे तिचा हेवा वाटतो. तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी सक्तीची असते आणि तिचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतो. नंबर टाकला की वर्षावर्षाचे मैल, पास-नापास आणि तपासनिसाचे शेरे समोर येतात. चंदेरी गाडीच्या इतिहासात सलग काही वर्षं मैलांचा आकडा जेमतेम हललेला होता. शेरेही जवळजवळ नव्हते, कारण गाडी फिरलीच नव्हती.

दुसरी गर्द निळी, २००२ ची, ९४,००० मैल. स्विंडनजवळ एका निवृत्त शिक्षकाची. मागणी ६,८०० पौंड. बॉनेटवर दगडांचे टवके, ड्रायव्हर सीटचं चामडं एका कडेला झिजलेलं. पण गाडीसोबत बिलांची जाडजूड फाइल. त्यात ७१,००० मैलांना क्लच बदलल्याचं बिल होतं, आणि त्याच बिलात सिरॅमिक गोळ्यांचं नवं आयएमएस बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील. या कामात मजुरी सगळी गिअरबॉक्स उतरवण्याची असते. तो एकदा खाली आला की क्लच, सील आणि बेअरिंग एकाच मजुरीत होतात. नुसतं बेअरिंग बदलायला गाडी उघडणं हा पैशाचा अपव्यय, आणि क्लच करताना बेअरिंग न बदलणं हा वेडेपणा. त्या शिक्षकांनी एकोणीसशेच्या आसपास पौंड भरून काम नीट करून घेतलं होतं.

मेहुण्याला चंदेरीच हवी होती. चकचकाटापुढे मामांचा सल्ला फिका पडत होता. शेवटी त्याने दोन्ही फायली शेजारी ठेवल्या: एकीत शिक्के, दुसरीत वर्षानुवर्षं कुणीतरी पैसे खर्च केल्याचा पुरावा. निळी ठरली.

तपासणी

या गाडीचं इंजिन वरून दिसत नाही. मागच्या डिकीत तेलाचं आणि कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं) झाकण आहे, बस्स. त्यामुळे घरासमोर बॉनेट उघडून ‘आवाज छान आहे’ म्हणण्यात अर्थ नाही, गाडी लिफ्टवर घ्यावी लागते. पोर्शेचीच कामं करणाऱ्या एका स्वतंत्र मेकॅनिककडे वेळ घेतली. तेल बदलायला आलंच होतं. मेहुण्याने शिक्षकांना सांगितलं, तेल आणि फिल्टरचे पैसे मी देतो, गाडी घेवो न घेवो, पण जुना फिल्टर मला उघडून बघू द्या. ते लगेच तयार झाले. जो तयार होत नाही त्याच्याकडची गाडी घेऊ नये.

साडेआठ लिटरच्या आसपास तेल निघालं. मेकॅनिकने फिल्टरचा कागद पात्याने कापला आणि पांढऱ्या कापडावर घडी-घडी उलगडला. दिव्याखाली तिरका धरून बघितला, मग कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक वरून फिरवलं. बेअरिंगच्या गोळ्या सिरॅमिकच्या असल्या तरी कडी पोलादाची, त्यामुळे तिथली झीज चुंबकाला चिकटते. काही चिकटलं नाही. दोन-तीन तपकिरी प्लास्टिकचे कण सापडले. ते साखळीच्या गाइडचे, या वयात चालायचेच.

मग कॉम्प्युटर जोडला. इंजिनाच्या संगणकात एकूण चालल्याचे तास असतात, आणि मर्यादेबाहेर फिरल्याची नोंदही. तास निघाले ३,३०० च्या जवळ. ९४,००० मैलांना भागलं की सरासरी ताशी २८ मैल येतात, गावातलं आणि मोटरवेवरचं मिळून पटण्यासारखं. मैलांचा आकडा मागे फिरवलेला असता तर हा भागाकार जमला नसता. इंजिनाच्या अतिवेगाच्या वरच्या टप्प्यात नोंद शून्य. त्या टप्प्यात इंजिन ॲक्सिलरेटरने जातच नाही. जातं ते पाचव्याऐवजी चुकून तिसरा गिअर पडला तर.

खालून बघताना मात्र दोन गोष्टी लिहून दिल्या. पुढच्या सस्पेन्शनच्या एका स्प्रिंगला गंज, आणि समोरच्या रेडिएटरसमोर पाल्याचा थर. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे स्प्रिंग तुटणं इथे नित्याचं. त्यावर घासाघीस करून सौदा ६,४०० ला ठरला.

कागदांचं एक सांगायला हवं, कारण भारतातून आलेला माणूस इथे फसू शकतो. आपल्याकडे गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर तशी नोंद असते. इथल्या व्हीफाइव्हसी या कागदावर कर्ज दिसत नाही, आणि तो मालकीचा पुरावाही नाही. त्यावर गाडी ज्याच्या नावे नोंदलेली आहे तेवढंच असतं. कर्ज थकीत आहे का, ही तपासणी वेगळे पैसे देऊन करावी लागते. लंडनचा प्रदूषण आकारही तसाच आधी बघायचा. २९ ऑगस्ट २०२३ पासून तो लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये, म्हणजे प्रशासकीय विभागांत, लागू आहे, प्रदूषणाच्या निकषात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड. या वयाच्या पेट्रोल गाड्यांत काही बसतात, काही नाही, नंबर टाकूनच कळतं. आम्ही लंडनमधल्या हॅरोला राहतो, म्हणजे बहिणीकडे जेवायला यायचं तर दर वेळी साडेबारा. गाडी बसणारी निघाली आणि माझ्या बायकोने सुटकेचा श्वास सोडला.

मामांचं म्हणणं होतं, परत याल तेव्हा गाडी कोल्हापूरला आणा. ते होणे नाही. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही.

पहिलं वर्ष

एप्रिल २०२४ मध्ये गाडी घरी आली. बेअरिंग नवं, फिल्टर स्वच्छ, तेव्हा आता काही होत नाही या भरवशावर मेहुणा होता. इंजिनाने खरंच काही त्रास दिला नाही. बिलं आली ती भलतीकडून.

मे महिन्यात एसी गार करेना. या गाडीचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत आहेत, एसला मध्ये तिसरा. प्रत्येक बाजूला रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर. हवा घ्यायच्या तोंडातून पाला आत जातो आणि दोघांच्या मध्ये कुजत बसतो. बंपर उतरवला तेव्हा काळी ओली माती निघाली, तिच्यामागे ॲल्युमिनियमची जाळी बोटाने दाबली तर भुगा होत होती. दोन्ही कंडेन्सर आणि एका बाजूचा रेडिएटर बदलला, गॅस भरला: १,३५० पौंड. परत लावताना तोंडांना बारीक जाळी बसवून घेतली. वीस वर्षांत कुणी दरवर्षी बंपर काढून ब्रशने पाला झाडला असता तर हे बिल आलं नसतं. एवढी जाडजूड फाइल, त्यात त्या कामाचं एकही बिल नव्हतं.

जुलैत मागच्या डिकीतला गालिचा ओला लागला. मेहुण्याला वाटलं, पाऊस. मी बोट लावून बघायला सांगितलं. बुळबुळीत होतं आणि वास गोडसर, म्हणजे कूलंट. डिकीच्या भिंतीपलीकडे कूलंटची प्लास्टिकची टाकी आहे, ती तळाशी तडकली होती. टाकी स्वस्त, पण तिथपर्यंत हात पोहोचायला आणि जुने पाइप सोडवायला मेकॅनिकचे तास जातात. ५२० पौंड.

सप्टेंबरात गणपतीला डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात मोदकांचा स्टीलचा डबा घेऊन दोघं बॉक्स्टरने आले. गाडीला पुढे-मागे दोन डिक्या आहेत. नाशवंत काही असेल तर पुढच्या डिकीत ठेवायचं, मागची इंजिनाच्या आणि सायलेन्सरच्या धगीने तापते. तेवढा दिवस गाडीने कुणाचं काही मागितलं नाही.

नोव्हेंबरात बर्ट वादळ आलं. शनिवार-रविवार पाऊस, गाडी घरासमोर झाडाखाली उभी. सोमवारी फोन: “दाजी, रिमोट चालंना. आत गालिच्यावर पाय ठेवला की चिपचिप करतंय. चावी फिरवून बघू का?”

“अजिबात नको. आधी बॅटरी काढ.”

छत मिटून बसतं त्या खोबणीत दोन्ही बाजूंना पाणी वाहून जायची भोकं असतात. पानांनी ती बुजली की पाणी तुंबून आत उतरतं आणि सीटखाली साचतं. सीटखालीच सेंट्रल लॉकिंग आणि इमोबिलायझरचं युनिट आहे. चाव्यांचा कोड त्यात असतो, ते गेलं तर चांगलं इंजिनही सुरू होत नाही. ओल्या युनिटला वीज मिळाली की ते कायमचं जातं. म्हणून बॅटरी आधी. सीट काढून गालिचा उचलला तर खालचा जाड फोम पाण्याने जड झालेला. तो कितीतरी दिवस घरात डीह्युमिडिफायरपुढे वाळत होता. वहिनींचं त्यावरचं मत मी इथे लिहीत नाही. युनिटच्या सर्किटवर पांढरा-हिरवा गंज धरला होता. इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवलं, वाचलं. सगळं मिळून ४५० पौंड. नवं घेऊन चाव्या कोड करायच्या असत्या तर आकडा बराच वर गेला असता.

भोकं साफ करायला छत अर्धवट उघडं ठेवून मऊ प्लास्टिकची लांब पट्टी घालायची. कडक तार किंवा कॉम्प्रेसरची हवा नको, खालचा पाइप निसटला तर पाणी पुन्हा आतच. दहा मिनिटांचं काम आहे.

त्यानंतर स्प्रिंग, जोडीला पुढचे खालचे आर्म, आणि मागचे दोन टायर. ही झीज अपेक्षितच होती, त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही.

हिशोब

तपासणी आणि तेल ३९०, विमा ४८०, रस्ता कर ४१५, एमओटी ५५, टायर ३६०, स्प्रिंग आणि आर्म ८९०, कंडेन्सर-रेडिएटर १,३५०, टाकी ५२०, भिजलेलं युनिट ४५०. बेरीज ४,९१० पौंड, पेट्रोल सोडून. पेट्रोल लिटरला नऊ-दहा किलोमीटर, तेही महागातलं. गाडी धरून वर्षाचा आकडा ११,३१० झाला, म्हणजे ९,००० चं बजेट कधीच ओलांडलं. त्यात पाणी आणि पाला यांच्या नावावर २,३२० पौंड. आधीच्या मालकांनी क्लचसकट बेअरिंग बदलायला दिले त्यापेक्षा जास्त.

मग चंदेरी घेतली असती तर? ९,२०० मध्ये बजेट गाडीतच संपलं असतं, आणि टायर, बेअरिंग, क्लच सगळं पुढेच उभं होतं. एमओटीचा इतिहास सगळ्यांना खुला असल्यामुळे मेहुण्याने परवा तिचा नंबर टाकून बघितला. ती विकली गेली आहे. नव्या मालकाच्या पहिल्याच तपासणीत नापास: टायर बाजूने तडकलेले, ब्रेक पाइप गंजलेले. इंजिनाचं काय झालं ते एमओटीत दिसत नाही.

निळीची किंमत वर्षात फारशी हललेली नाही. तशाच गाड्या अजून साडेसहा हजारांच्या आसपास लागतात. मेहुण्याने महिन्याला २०० पौंड बाजूला टाकायला सुरुवात केली आहे आणि मागचा गंजका ब्रेक पाइप त्याच पैशांतून होणार आहे, कारण या एप्रिलच्या एमओटीत तिलाही ब्रेक पाइपांचा शेरा आला. ते पाइप अवघड जागेतून जातात, आजूबाजूचं बरंच काही उतरवावं लागेल. गिअरबॉक्स उतरवावा लागला तर क्लचची जाडी त्याच वेळी मोजायला सांगितली आहे. मेकॅनिकची तारीख पुढच्या महिन्याची मिळाली आहे. तोवर दर रविवारी गाडी तेल नीट तापेपर्यंत न्यूबरीपर्यंत जाऊन येते, आणि झाडाखाली लावत नाहीत.